दुसऱ्याचा पेपर

मार्च लागला की मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात फाईल उघडते, दोन ओळी वाचते आणि उठून खिडकीशी जाते. बुलढाण्यात या दिवसांत सकाळी अजून स्वेटर घालावासा वाटतो आणि अकरा वाजता ऊन टोचायला लागतं. वारा पठारावरून सुसाट येतो. येताना धूळ, कडुनिंबाची पिवळी पानं, कुठल्या तरी खळ्यावरचं हरभऱ्याचं भूस, जे सापडेल ते घेऊन येतो. समोरच्या शाळेच्या भिंतीवर बैठक क्रमांकांचे कागद चिकटवलेले असतात, त्यांचे कोपरे दिवसभर फडफडत राहतात. मुली पॅड छातीशी धरून, ओठ हलवत, कोणाकडे न बघता जातात. मला तहान लागल्यासारखं वाटतं. पाणी पिते, परत येऊन बसते, परत उठते. शेजारच्या टेबलावरच्या बाई दर वर्षी विचारतात, घरी कोणी दहावीला आहे का. नाही म्हणते. माझी मुलगी सहावीत आहे. परीक्षा माझी नाही, माझ्या घरात कोणाचीच नाही. आणि ज्या परीक्षेमुळे ही उठबस चालते, ती तेव्हाही माझी नव्हती.

ती गजूभाऊची होती.

आमचं गाव अमडापूरहून चालत तासाभरावर. आम्ही भाजीपाला करणारी माणसं. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मी आठवीत होते त्या हिवाळ्यात बाबा शेवग्याच्या झाडावरून पडले. शेवग्याची फांदी ठिसूळ असते हे त्यांनीच आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. मांडीचं हाड मोडलं आणि दोन महिने ते खाटेला लागले. पाय थांबला तरी वाफे थांबत नाहीत. मेथी दोन-तीन दिवस जास्त राहिली की निबर होते, मग ती कोणी घेत नाही. आई एकटी कुठं कुठं पुरणार? गल्लीनं काही ठरवलं नाही, कोणी आम्हाला विचारायलाही आलं नाही. एका सकाळी आई शेतात गेली तर वाफ्यांत पाणी फिरलेलं होतं आणि बांधावर जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. मग रोज कोणी ना कोणी असायचंच.

त्यांत सगळ्यात जास्त वेळा आली ती कौसाकाकू. नवरा गेलेला, दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करणारी. कामावर जायच्या आधी ती आमच्या वाफ्यांना पाणी वळवून जायची. चिखलानं भरलेले पाय आमच्या अंगणातल्या दगडावर घासायची, चहा नको म्हणायची आणि चालायला लागायची. तिचे ते घाईघाईनं घासलेले पाय मला अजून दिसतात. आई दारात कप घेऊन उभी आणि काकू कोपऱ्यावर पोहोचलेली.

गजूभाऊ तिचा मुलगा. तीन वर्षांचा असताना गोवर झाला आणि त्यात त्याचे डोळे गेले. दिसणं म्हणजे काय, हे त्याला आठवतही नव्हतं. काही वर्षं तो बाहेरगावी अंधांच्या शाळेत होता. वडील वारल्यावर परत आला आणि बरीच वर्षं नुसता घरीच राहिला. त्यांच्या घराचा ओटा रस्त्यालगत होता. शाळेत जाताना तो ओट्यावर दिसायचा, येताना ओट्यावर दिसायचा. मग आमच्या शाळेच्या हेडसरांच्या मनात आलं की यानं बाहेरून दहावीला बसावं. फॉर्म भरला, पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायला दोन मास्तर तयार झाले. राहिला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारं कोणीतरी. नियम असा की लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला स्वतःचं शहाणपण चालवता येऊ नये. मी नववीत होते. माझं अक्षर चांगलं होतं. फळ्यावरचा रोजचा सुविचार मीच लिहायची.

हेडसर घरी आले तेव्हा बाबा काठी टेकत अंगणात फिरत होते. सरांचं बोलणं पुरतं व्हायच्या आधीच ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कौसाबाईनं आपले वाफे जगवले, मंदा. तू तिच्या पोराचे पेपर लिहून दे. गावाचं देणं लागतो आपण."

देणं. हा शब्द मला तेव्हा अगदी सोपा वाटला होता. आता तो तोंडात घोळवते तर नीट गिळता येत नाही. आपण एखाद्याला काही देतो तेही देणं, आणि जे द्यायचं राहून गेलंय, डोक्यावर बसलंय, तेही देणं. एकाच शब्दात हात पुढं करणारा माणूसही आहे आणि तोंड लपवणारा माणूसही. पण चौदा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं होतं की आपण कौसाकाकूसाठी काहीतरी मोठं करणार आहोत. त्या रात्री मी पेनात नवीन रिफिल घातली.

परीक्षेचं केंद्र अमडापूरला होतं. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं जायचो, कौसाकाकू, गजूभाऊ आणि मी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाची काढणी चाललेली असायची आणि उघड्या खिडकीतून गव्हाची कुसळं उडत येऊन मानेवर चिकटायची. गजूभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. तो एकच होता, काकू तो रोज संध्याकाळी धुवायची. प्रवासात तो एक शब्द बोलायचा नाही. फक्त गुडघ्यावर बोटं वाजवत राहायचा. ओठ हलत नसायचे, तरी मला वाटायचं, त्या प्रत्येक बोटाखाली एकेक उत्तर आहे.

आम्हाला वेगळी खोली असायची, चित्रकलेची. बाकांवर रंगांचे डाग आणि कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. एक पर्यवेक्षक बाई दाराजवळ बसायच्या, कारण तिथं वारा यायचा. मी प्रश्न हळू आवाजात वाचायची, गजूभाऊ थोडा वेळ थांबायचा आणि मग सांगायचा. तो सांगत असताना डोकं जरा डावीकडे कललेलं असायचं, जणू उत्तर लांबून कुठून तरी ऐकू येतंय. पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट कळली होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्याचं बोलणं आहे तसं लिहिणं फार अवघड असतं. हात आपला, शाई आपली, अक्षर आपलं, आणि वाक्य मात्र आपलं नाही. पेन सारखं ओढ घेतं. तो 'कारण की' म्हणाला की मला नुसतं 'कारण' लिहावंसं वाटायचं. तेवढ्या दुरुस्त्या मी करायची. शुद्धलेखन म्हणून.

मराठीच्या पेपरात निबंध होता. तीन-चार विषयांतून त्यानं निवडला, माझ्या गावातील सकाळ. मला मनातून हसू आलं. ज्यानं सकाळ पाहिलीच नाही त्यानं नेमका हाच विषय घ्यावा? पण लगेच दुसरं मनात आलं की बरं झालं, हा निबंध मला येतो.

तो सांगू लागला. त्याचं सगळं बोलणं मला आता आठवत नाही, पण जे आठवतं ते शब्दाला शब्द आठवतं. "आमच्या गावात सकाळ आधी पायाला कळते. जमीन थंड असते. चुलीजवळची जमीन आधी कोमट होते. मग बादल्यांचे आवाज येतात. रिकामी बादली वाजत जाते. भरलेली बादली वाजत नाही, बाईचा श्वास वाजतो."

मी पेन उचलून त्याच्याकडे बघितलं. हा काय निबंध झाला? चूल, जमीन, बादली. सूर्य कुठंय? पक्षी कुठं आहेत? असं लिहिलं तर तपासणारा काय म्हणेल? नापास करेल. काकू रोज शर्ट धुतेय, दोन मास्तर महिनेच्या महिने घसा कोरडा करतायत आणि हा बादलीवर नापास होणार. दाराजवळच्या बाईंनी वर्तमानपत्र वाचता वाचता डोळे मिटले होते. मी लिहायला सुरुवात केली. पूर्वेला केशरी रंगाची उधळण झाली होती. दवबिंदू मोत्यांसारखे चमकत होते. पाखरांचा किलबिलाट, अंगणातले सडे, रांगोळ्या, देवळातली घंटा. मार्गदर्शकातला माझा पाठ असलेला निबंध मी भराभर उतरवत गेले. मला खूप चांगलं वाटत होतं. हे सांगायला लाज वाटते, पण खरंच, इतकं चांगलं मला आधी कधी वाटलं नव्हतं. मी त्याला माझे डोळे देतेय असंच वाटत होतं.

शेवटाकडे तो म्हणाला, "सकाळी सगळे माझ्याशी बोलतात, कारण मी ओट्यावर असतो. दहा वाजता लोक शेतात जातात आणि गाव रिकामं होतं. दुपारी माझ्याशी कोणी बोलत नाही. तेव्हा मला समजतं की सकाळ संपली."

मी लिहिलं की अशी ही मंगलमय सकाळ प्रत्येकाच्या जीवनात नवा उत्साह घेऊन येवो.

मग तो म्हणाला, निबंध एकदा वाचून दाखव. मी उत्तरपत्रिका हातात घेतली आणि तिच्याकडे बघत, तिच्यात नसलेलं, त्याचंच बोलणं त्याला म्हणून दाखवलं. पाय, चूल, बादली, ओटा, दुपार. एक शब्द चुकला नाही. तो "बरं" म्हणाला आणि पुढचा प्रश्न वाचायला सांगितला. बाहेर काकू लिंबाखाली बसून वाट बघत होती. तिनं माझ्यासाठी भाकरीवर वांग्याचं भरीत आणलं होतं. मी ते पोटभर खाल्लं.

गजूभाऊ पास झाला. सगळ्यांत जास्त गुण मराठीत पडले. पंधरा ऑगस्टला शाळेनं आम्हा दोघांना नारळ दिला. हेडसर भाषणात म्हणाले की याला डोळे नाहीत, पण शब्दांचे डोळे आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो नारळ दोन्ही हातांत धरून, शेंडी चाचपत, मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, लाजला.

दोन वर्षांनी त्याची बारावी आली. तोपर्यंत मी अकरावीत गेले होते, म्हणजे नियमात बसत होते. कोणी विचारायच्या आधीच मी तयारी करून बसले होते. पण कौसाकाकू घरी आली आणि आईला म्हणाली की यंदा दुसरी पोरगी पाहिली आहे, गजानन म्हणतो मंदाला त्रास नको. आई म्हणाली, कसला त्रास. काकू म्हणाली, तो ऐकत नाही. मी आतल्या खोलीत होते. मला आधी राग आला. एवढं केलं त्याच्यासाठी आणि ही किंमत? राग तासभर टिकला असेल. मग तो उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते दिसलं. त्याला कळलं असणार. तेव्हापासून त्या ओट्यासमोरून जाताना मी चप्पल न वाजवता जायची.

मग शिक्षण, चिखली, लग्न, बुलढाणा, नोकरी. गाव मागं पडत गेलं. पण मार्च आला की हातापायांत हे असं सुरू व्हायचं. एका वर्षी ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या भाचीला दिसत नाही, लेखनिक मिळत नाही. मी तीन शाळा फिरले आणि एक मुलगी शोधून दिली. पुढच्या वर्षी दोघांना हव्या होत्या. असं करत करत आता मी दर हिवाळ्यात आठवी-नववीच्या मुली गोळा करते, रविवारी त्यांना घरी बोलावते आणि शिकवते. शिकवायचं म्हणजे काय? एक सांगते, दुसरी लिहिते. मी मुद्दाम चुकीचं सांगते. दोन गुणिले तीन सात. शिवनेरी नदीकाठी आहे. जी मुलगी न बोलता तसंच लिहिते, ती पास. पहिल्या रविवारी सहसा कोणीच पास होत नाही. सगळ्यांचं पेन ओढ घेतं. लोक म्हणतात, मंदाताई केवढं समाजकार्य करतात. मी ऐकून घेते. चोर घरोघरी कुलपं बसवत फिरावा तसं काहीसं हे आहे, पण असं कोणाला सांगता येतं?

या फेब्रुवारीत गावानं मला बोलावलं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि माझा सत्कार होता. शाळेसमोर मांडव घातला होता. सूत्रसंचालन करणारे शिक्षक नवीन होते, मला ओळखतही नव्हते. त्यांनी मला गावाचं ऋण फेडणारी लेक म्हटलं आणि माझ्या कामाची सुरुवात कशी याच मातीत झाली, याच शाळेतल्या एका अंध विद्यार्थ्याच्या पेपरापासून कशी झाली, ते रंगवून सांगितलं. माझ्या खांद्यावर शाल पडली. माईक हातात आला. मी काय बोलायचं ते लिहून नेलं होतं. तो कागद उघडलाच नाही. आभारी आहे, एवढंच म्हणाले आणि बसले. लोकांना वाटलं, भरून आलं. समोर पहिल्या रांगेत बाबा होते, आता पार थकलेले. ते अभिमानानं माझ्याकडे बघत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

गजूभाऊ मांडवात नव्हता. तो गिरणीवर असतो, असं बाबांनी सांगितलं. बारावीनंतर तो कॉलेजात गेला होता, पण नोकरी काही लागली नाही. आता त्याची पिठाची गिरणी आहे. बायको दळणाचे डबे बघते, तो गिरणी चालवतो. कौसाकाकू चार वर्षांपूर्वी गेली. मला कळवलं होतं, मी आले नव्हते.

मी शाल पिशवीत कोंबली आणि गिरणीकडे निघाले. दुपारचे दोन वाजले असतील. गल्लीत कुत्रंही नव्हतं. गिरणीत मात्र पाच-सहा डबे रांगेत होते आणि ज्वारीच्या गरम पिठाचा वास रस्त्यापर्यंत आला होता. गजूभाऊच्या भुवया, केस, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं झालेलं. तो पडणारं पीठ दोन बोटांत चोळून बघत होता आणि चाक थोडं आवळत होता. मी हाक मारली. त्यानं डोकं डावीकडे कलवलं.

"मंदा होय? तिकडं शाल देऊन राह्यले होते न तुले?"

त्याच्या बायकोनं मला पोत्यावर बसायला जागा करून दिली आणि ती कोणाचा तरी डबा पोहोचवायला गेली. त्यानं चालू दळण संपवलं आणि गिरणी बंद केली. पट्टा बराच वेळ फटफट करत राहिला, मग थांबला. मी इतक्या वर्षांत हजार वेळा मनात जुळवलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हणाले, "गजूभाऊ, तुमचा तो मराठीचा पेपर. निबंध मी तुमचा नाही लिहिला."

"माहीत हाये मले."

पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. उलट मला वाटलं, चला, होतं तेच निघालं. तो पिठाचे हात एकमेकांवर झटकत शांतपणे सांगू लागला. त्याला तेव्हाच कळलं होतं. तो दोन शब्द सांगायचा आणि माझं पेन पाच ओळींएवढं चालत राहायचं, थांबायचंच नाही. मग त्यानं वाचून दाखवायला सांगितलं आणि मी अजिबात न अडखळता वाचलं, तेव्हा त्याची खात्री झाली. लिहिलेलं वाचणारं माणूस कुठं तरी अडखळतं, तो म्हणाला. पाठ म्हणणारं अडखळत नाही.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"काऊन बोलू? मले मार्कं पाह्यजे होते," तो म्हणाला. "तू दिले, मी घेतले. नारळही घेतला. मंग ते पाप तुह्यं एकटीचं कसं काय?"

मी म्हणाले, पण बारावीला तुम्ही मला नको म्हणालात. मला वाटलं, राग धरला.

तो हसला. अंगावरचं पीठ जरा उडालं. "राग नव्हता व. भेव होतं, अन् तेही माह्यंच. तू बसली असती तर मी पुस्तकाले हातच लावला नसता. मले माहीत होतं न, ही लिहिते." मग म्हणाला, "बारावीले मराठीत काठावर निघालो. पण ते मी सांगितलेलं होतं."

मला बरं वाटायला हवं होतं. एवढी वर्षं जे ओझं एकटीनं ओढलं त्याचं दुसरं टोक त्यानं येऊन धरलं होतं. पण मला बरं वाटत नव्हतं, कारण एक गोष्ट राहिली होती आणि ती मी अजूनही टाळत होते. मी म्हणाले, "त्या निबंधात शेवटी तुम्ही एक वाक्य सांगितलं होतं. दुपारी माझ्याशी कोणी बोलत नाही. तेही मी लिहिलं नाही."

गिरणीच्या तोंडाशी साचलेलं पीठ त्यानं तळहातानं हळूहळू पुसून घेतलं, एकदा, दोनदा.

"ते लिहायला पाह्यजे होतं," तो म्हणाला. "कोणीतरी वाचलं असतं."

तो तपासणारा मास्तर कुठला, नागपूरचा की अकोल्याचा, त्यानं वाचून काय केलं असतं? गुण कापले असते किंवा नसते. पण त्या ओट्यावरून एका माणसानं पहिल्यांदा कोणाला तरी काही सांगितलं होतं आणि ते पोहोचवायचं काम माझ्या हातात होतं. गावानं दिलेल्या पाण्याच्या बदल्यात मी गावाला रांगोळी दिली. सगळे खूश झाले.

तेवढ्यात एक म्हातारी डबा घेऊन आली, तिच्या मागे अजून एक बाई. गजूभाऊनं बटण दाबायला हात पुढं केला आणि मग थांबून, जणू मला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून, म्हणाला, "आता बोलतात बरं का दुपारी. गिरणी काऊन टाकली मंग?"

परत येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं होतं, कबुली दिली की मार्च शांत जाईल. तसं काही झालं नाही. आता परीक्षा पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतात. घरी पोहोचले तर आठ मुलींच्या परीक्षार्थींशी जोड्या लावायच्या होत्या.

काल विज्ञानाचा पेपर होता. मी अर्धी रजा टाकून शाळेच्या फाटकाशी उभी होते. श्रावणी नावाची मुलगी यंदा पहिल्यांदाच लेखनिक म्हणून बसली आहे. वर्गात पहिली येणारी, बोलायला तिखट. ती ज्याच्यासाठी लिहिते त्या मुलाचे हात जन्मापासून वाकडे आहेत, पेन धरता येत नाही. ती एकटीच आधी बाहेर आली आणि माझ्याजवळ न येता नळाशी जाऊन तोंड धूत राहिली. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली की शेवटचा मोठा प्रश्न त्यानं पूर्ण चुकीचा सांगितला. उत्तर तिला येत होतं. अगदी जिभेवर होतं.

"मग?" मी विचारलं.

"तो म्हणला तेच लिहिलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "ताई, तो नापास झाला तर? मले येत होतं न. मंग मी तिथं कायले बसली होती?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शाब्बास म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि चुकलीस म्हणणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हणाले की तुला वाईट वाटतंय ते वाटू दे. मला तर त्या वेळी चांगलं वाटलं होतं. तिला काही समजलं नाही, आणि मी समजावलंही नाही.

तेवढ्यात तो मुलगा वडिलांबरोबर बाहेर आला. चेहरा उजळलेला. पेपर मस्त गेला, त्यानं लांबूनच सांगितलं, एकही प्रश्न सोडला नाही. वडिलांनी श्रावणीला हात जोडले. ती घाबरून मागं सरकली. त्या मुलानं विचारलं, भूगोलालाही तूच येशील ना? तिनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, मुद्दाम.

"येईन," ती म्हणाली.

ते दोघं रिक्षात बसून गेले. वाऱ्यानं रस्त्यावरची पानं उचलली आणि फाटकाशी आणून टाकली. श्रावणीनं ओढणीनं तोंड पुसलं, पॅड काखेत मारलं आणि रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी होत चाललेल्या त्या रिक्षाकडे बघत मला विचारलं, "त्यानं भूगोल तरी नीट वाचला असंल न, ताई?"